पाहुण्या पाखरांवरचा आळ

दिवाळीचा फराळ संपत येतो तेव्हा वऱ्हाडातल्या तलावांवर पाहुणे उतरू लागतात. अकोल्याजवळचे कापशी आणि कुंभारी तलाव, महानचा काटेपूर्णा जलाशय, अमरावतीकडचा मालखेडचा तलाव ही त्यांची ठरलेली ठिकाणे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे मोठे पक्षी तलावांवर राहतात, पण त्यांच्यासोबत येणारे धोबी आणि तुतारीसारखे लहान पक्षी थेट शहरात शिरतात. अकोल्यातल्या असदगड किल्ल्याच्या खाली, जुन्या शहराच्या पायाशी वाहणाऱ्या मोर्णा नदीत जिथे नाल्याचे पाणी संथ पसरते, तसली जागा या पक्ष्यांना फार मानवते. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर काळ्या चिखलात उभा राहतो, सुईसारखी चोच गाळात खुपसतो, तांबडी अळी टिपतो आणि दोन पावले पुढे सरकतो. ज्या गाळातून तो अळी उचलतो त्यात घराघरातला मैला आहे, गोठ्यांचे धुवण आहे, कोंबडीच्या दुकानांतली घाण आहे. त्याच्या पोटात काय जाते हे ओळखायला दुर्बिणीची गरज नाही. तरीही स्थलांतरित पक्षी आणि रोगराई यांची चर्चा निघाली की प्रश्न एकाच बाजूने विचारला जातो: या पाखरांनी परदेशातून आपल्यासाठी काय आणले? पक्ष्यांच्या विष्ठेतून माणसाच्या आतड्यात जाऊ शकणारे परजीवी खरोखर सापडतात, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जो पुरावा हाती आहे तो नीट लावून पाहिला तर पाखरू हा रोगाचा उगम ठरत नाही. ते आपल्याच पाण्याची घाण इकडून तिकडे नेते, आणि तीही आपल्या मानाने फार थोडी.

या प्रकरणातला मुख्य संशयित क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय जीव आहे. अर्नेस्ट टायझर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1907 साली तो उंदरात पाहिला. माणसात तो आढळल्याची पहिली नोंद व्हायला 1976 साल उजाडले. आतड्याच्या अस्तराला चिकटून तो वाढतो आणि विष्ठेतून जाड कवचाचे कोष बाहेर टाकतो. हा कोष 4 ते 5 मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर असे दोनशे कोष शेजारी शेजारी बसतील. निरोगी माणसांवर झालेल्या एका प्रयोगात निम्म्या लोकांना लागण व्हायला सुमारे 132 कोष पुरले. धडधाकट माणसाला आठ-पंधरा दिवस हगवण लागून ती आपोआप थांबते, पण दोन वर्षांखालचे कुपोषित मूल किंवा एचआयव्हीने प्रतिकारशक्ती गेलेला रुग्ण यांच्या ती जिवावर बेतते. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात देशांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, जिच्यात कोलकात्याचाही समावेश होता, तान्ह्या बाळांच्या गंभीर हगवणीच्या कारणांत रोटाव्हायरसच्या पाठोपाठ क्रिप्टोस्पोरिडियमचा क्रमांक लागला. जिआर्डिया हा त्याचा सोबती. तो अधिक ओळखीचा आहे, कोष आकाराने मोठा आहे आणि औषधाला लवकर बधतो.

या जिवाचा खरा त्रास असा की आपली सगळी नेहमीची हत्यारे त्याच्यापुढे बोथट पडतात. गावात हगवणीची साथ आली की विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, नळाच्या पाण्यातले क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट घेतात, नमुना पिवळा झाला की पाणी चांगले असे धरतात. हगवणीच्या बहुतेक जिवाणूंसाठी ते बरोबरच आहे. लिटरला एक मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन असेल तर ई. कोलाय मिनिटभरात मरतो, जिआर्डियाला पाऊण तास लागतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमला दहा दिवसांहून अधिक. दहा दिवस! तेवढ्यात ते पाणी पिऊन लोक विसरूनही गेलेले असतात. शाळा-अंगणवाड्यांतून वाटतात ती जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी गोल जंतांसाठी आहे, या एकपेशीय जिवावर तिचा उपयोग नाही. दवाखान्यात शौचाचा नमुना साध्या पद्धतीने काचपट्टीवर पाहिला तर हा कोष सहज निसटतो. त्याला क्षयरोगाच्या जंतूंसाठी वापरतात तशा आम्ल-स्थिर रंगाचा सुधारित प्रकार लागतो, मग तो निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल ठिपका होऊन दिसतो. डॉक्टरने मुद्दाम मागितली नाही तर ही तपासणी होत नाही. त्यामुळे जी हगवण याच्यामुळे झाली तिच्यावर ‘पाणी बाधले’ एवढाच शिक्का बसतो.

आता पाखरांविरुद्धचा पुरावा पाहू. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी थॅडियस ग्रॅझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थलांतरित कॅनडा हंसांची विष्ठा नऊ ठिकाणांहून गोळा केली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सात ठिकाणी क्रिप्टोस्पोरिडियम आणि नऊही ठिकाणी जिआर्डिया सापडला. त्यातल्या काही ठिकाणचे कोष उंदरांना लागण करण्याइतके जिवंत होते. त्याआधी याच गटाने प्रयोगशाळेत हंसांना आणि बदकांना क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हमचे, म्हणजे वासरांना आणि माणसांना होणाऱ्या जातीचे, कोष खाऊ घातले होते. ते आतड्यातून अखंड आणि जिवंत बाहेर पडले. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम मेलिॲग्रिडिस ही जात खास पक्ष्यांची आहे. 1955 साली टर्की कोंबड्यांत तिचे वर्णन झाले, आणि नंतर ती माणसातही सापडली. पेरूच्या लिमा शहरातल्या एचआयव्ही रुग्णांत ती चांगलीच आढळली. इतका पुरावा वाचून कोणीही म्हणेल की आरोप सिद्ध झाला.

पण त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही लिहिलेली आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते. पार्व्हमचे कोष हंसाच्या पोटात वाढले नाहीत, संख्या वाढली नाही. खाल्ले तितकेच, किंबहुना कमी, बाहेर पडले, आणि साधारण आठवडाभरात पोट रिकामे झाले. म्हणजे अशा परजीवीसाठी पक्षी हा पोस्टमनसारखा आहे: टपाल त्याने लिहिलेले नसते आणि त्याच्या पिशवीत ते फार दिवस राहतही नाही. आता हे हिशेबाला लावा. मंगोलियाकडून निघालेला पट्टकादंब हंस हिमालय ओलांडायला काही तासच घेतो, हे 2011 साली उपग्रहाच्या टॅगवरून सिद्ध झाले. पण सगळा प्रवास असा एका झेपेत होत नाही. तिबेटच्या पठारावर, मग गंगेच्या खोऱ्यात मुक्काम पडतात, आठवडे जातात. मंगोलियातल्या कुरणात जे गिळले ते वऱ्हाडात पोहोचण्याच्या कितीतरी आधी वाटेतल्या तलावांत पडून गेलेले असते. वऱ्हाडातल्या तलावाच्या काठी जी विष्ठा पडेल तिच्यातला पार्व्हम सात-आठ दिवसांपूर्वीचा, म्हणजे फार तर सातपुड्यापलीकडचा आणि बहुधा याच जिल्ह्यातला. कॅनडा हंसांच्या पोटातही तो आला कुठून, तर ज्या शेतांत गुरांचे खत पडते तिथे चरण्यातून, असाच अंदाज संशोधकांनी बांधला होता.

खास पक्ष्यांच्या जातींना हा युक्तिवाद लागू पडत नाही, हे कबूल. त्या पक्ष्याच्या पोटात वाढतात आणि हजारो किलोमीटर टिकू शकतात. पण बदक-हंसांत आढळणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमच्या जाती आणि जनुकप्रकार बहुतांशी पक्ष्यांपुरतेच राहतात, माणसाला होत नाहीत. बगळ्यांचा जिआर्डियाही वेगळा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे कोष सारखेच दिसतात, आणि ‘पक्ष्याच्या विष्ठेत परजीवी सापडला’ ही बातमी तिथेच फसवते. मेलिॲग्रिडिसचा माणसाशी संबंध येतो तो बहुधा कोंबड्यांच्या वाटेने किंवा माणसाकडून माणसाला. अंगणात फिरणारी कोंबडी, छपरावरचे पारवे, गुरांच्या पायांत पायांत चालणारा गायबगळा हे बाराही महिने आपल्या शेजारी राहतात. त्यांना सोडून चार महिन्यांच्या पाहुण्याला पकडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासीही अगदी निर्मळ आहे असे मात्र नाही. बदकांच्या रक्तात राहणाऱ्या काही चपट्या कृमींची पिल्ले गोगलगाईतून बाहेर पडून पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीत शिरतात आणि खाज उठवतात. तलावात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मासेमारी करणाऱ्या किंवा शिंगाडा काढणाऱ्या भोई-ढीवर माणसाच्या पायांवर अशी खाज उठू शकते. पाणपक्ष्यांच्या आतड्यातले पर्णकृमी आणि पट्टकृमीही माणसाला होतात, पण त्यासाठी कच्ची गोगलगाय किंवा कच्चा मासा खावा लागतो. वऱ्हाडातल्या कोणत्याही चुलीवर मासा तिखट-हळद लावून शिजल्याशिवाय ताटात येत नाही, त्यामुळे ती वाट स्वयंपाकघरातच बंद होते.

मग ऋतूकडे पाहा. स्थलांतरित पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. वऱ्हाडात पोटाच्या आजारांचा जोर आषाढ-श्रावणात असतो, जेव्हा चक्रवाक लडाखमध्ये आणि पट्टकादंब मंगोलियात पिल्ले वाढवत असतात. जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन शेकडो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. नळयोजनेची वीज थकबाकीमुळे तोडलेली होती, म्हणून लोक त्या विहिरीकडे वळले, अशा बातम्या तेव्हा आल्या. ती साथ पटकीची होती, परजीवीची नव्हे. पण पावसाळ्यात वऱ्हाडी गावात घाण पिण्याच्या पाण्यात कशी उतरते हे तिने दाखवून दिले. एखादा म्हणेल, हिवाळ्यात पडलेले कोष गाळात टिकून पावसाळ्यात वर येत असतील. थंड देशात ते खरे ठरले असते. थंड पाण्यात हे कोष महिनोन् महिने जगतात. पण कोरडे पडले की ते काही तासांत मरतात आणि उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य झपाट्याने आटते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तलावाचा काठ आत आत सरकतो आणि उघडा पडलेला गाळ भाजून निघतो. अकोल्याच्या या उन्हाळ्याला आपण बारा महिने शिव्या देतो, पण या बाबतीत तो आपल्या बाजूचा साक्षीदार आहे. पहिल्या पावसात पूर्णा आणि मोर्णा नद्यांत जे वाहून येते ते ताजे असते: ताजे शेण आणि ताजा मैला. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी भाविक गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीत भरून अनवाणी पायांनी जुन्या शहरात राजराजेश्वराला वाहतात, ते पाणीही नेमके याच दिवसांतले, गढूळ पुराचे. पूर्णेच्या काठावर तेव्हा एकही परदेशी बदक नसते.

प्रमाणाचा मुद्दा तर निर्णायक आहे. ग्रॅझिकच्या हंसांच्या विष्ठेत ग्रॅमला काहीशे कोष होते. हगवण लागलेल्या दीड-दोन आठवड्यांच्या वासराच्या ग्रॅमभर शेणात दहा लाखांहून अधिक कोष सहज असतात, आणि हगवण लागलेल्या माणसाची गत फारशी वेगळी नसते. एका आजारी वासराच्या बरोबरीला किती थवे लागतील याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा.

1993 च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जे घडले ते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवे. मिशिगन सरोवरातून पाणी घेणाऱ्या एका जलशुद्धीकरण केंद्राचे गाळण बिघडले, पाणी गढूळ झाले, आणि अंदाजे 4 लाख 3 हजार लोकांना क्रिप्टोस्पोरिडियमची हगवण लागली. पन्नासहून अधिक माणसे दगावली, त्यांतले बहुतेक एड्सचे रुग्ण. सुरुवातीला संशय गेला गुरांवर: वितळणाऱ्या बर्फाबरोबर शेतांतले शेण सरोवरात आले असावे. जनुकांची ओळख पटवण्याचे तंत्र हाती आल्यावर रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा निघाली ती माणसांची जात, जिला आज क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस म्हणतात. म्हणजे मोठ्या शक्यतेने शहराचाच मैला शहराच्या नळात परतला होता. पहिला संशय जनावरांवर घेणे सोपे असते. ती कोर्टात उभी राहत नाहीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप बर्ड फ्लूचा आहे. 2005 साली चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर हजारो पक्षी एच5एन1 विषाणूने मेले, त्यात आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पट्टकादंबच जास्त होते. पुढच्याच फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्री फार्मांत भारतातली या रोगाची पहिली साथ आली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रानपक्षी विषाणू दूरवर नेऊ शकतात, यात शंका नाही, आणि त्या बाबतीत सावधगिरी हवीच. पण विषाणूचा न्याय परजीवीला लावता येत नाही. फ्लूचा विषाणू पक्ष्याच्या शरीरात स्वतःच्या प्रती काढत उडतो. पार्व्हमचा कोष पिशवीतल्या पाकिटासारखा नुसता पडून असतो. दोन्हींना ‘पक्ष्यांकडून येणारे रोग’ या एकाच पिशवीत कोंबले की भीती दुप्पट होते आणि समज निम्मी. याच देशात याचे एक जुने उदाहरण आहे. 1957 साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. हा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला, तेव्हा तो गोचिडांच्या रूपाने सायबेरियाच्या पाखरांनी आणला असावा अशी शंका आली. ती पडताळायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. पाखरांवरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. रोग तिथल्याच गोचिडांत, उंदरांत आणि माकडांत फिरत होता. 2016 साली तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूच्या बागांमध्ये उगवला, तोही गोचिडांच्याच वाटेने. त्या कड्यांनी स्थलांतराबद्दल जे ज्ञान दिले ते अनमोल ठरले, हा त्या चुकीच्या शंकेचा एकमेव चांगला परिणाम म्हणता येईल.

म्हणून प्रश्न उलटा करून विचारायचा: या पाखरांना आपण काय खाऊ घालतो? जुन्या शहराच्या बाबतीत उत्तर जमिनीखाली आहे. अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी येते आणि ते महानला शुद्ध होते. चांगले चालवलेले गाळण-केंद्र क्रिप्टोस्पोरिडियमचे बहुतेक कोष अडवते. तुरटीने पाणी निवळते तेव्हा गाळाबरोबर तेही खाली बसतात, उरलेले वाळूत अडकतात. पण ते पाणी नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येते. मधल्या दिवसांत पाइपात दाब नसतो. अरुंद गल्लीत पाण्याची पाइपलाइन आणि नाली हातभर अंतराने, कधी एकमेकींना छेदून जातात. जिथे सांधा गळका असेल तिथे नालीचे पाणी आत मुरते, आणि नळ आला की घरोघरी लावलेले टिल्लू पंप ते ओढून घेतात. महानला शुद्ध झालेले पाणी हरिहरपेठेत पोहोचेपर्यंत शुद्धच राहील याची हमी कोणतीही ओटी टेस्ट देत नाही. अकोल्याच्या उत्तरेला खारपाणपट्टा आहे, तिथे बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या गावांना नदी, तलाव आणि धरणाच्या पाण्यावाचून पर्याय नाही, म्हणजे जिथे पाखरे उतरतात तेच पाणी प्यायचे आहे. तिथे दुखणे पाखरांच्या येण्यात नाही, ते त्या पाण्यात मैला सोडण्यात आहे. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले आणि जलकुंभी हातांनी ओढून काढली. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. त्या माणसांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण जलकुंभी नायट्रोजन-फॉस्फरसवर, म्हणजे मैल्यावर पोसते. वनस्पती काढली आणि नाला तसाच ठेवला तर ती पुन्हा येते, आणि आलीच.

पाखरांबद्दलची ही शंका एकदाची निकाली काढायला लागणारी माणसे वऱ्हाडातच आहेत. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सर्वोपचार रुग्णालय आहे, दर जानेवारीत तलावांवर पक्षी मोजणारे पक्षीमित्र आहेत. नागपुरात एक-आरोग्य या कल्पनेवरच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 रोजी झाली; माणूस, जनावर आणि रानजीव यांचे रोग एकत्र तपासायचे हाच तिचा हेतू आहे. पक्षीगणनेच्या दिवशी तलावाच्या काठावरची ताजी विष्ठा, त्याच आठवड्यात आसपासच्या गोठ्यांतल्या वासरांचे शेण, मोर्णेच्या चार ठिकाणांचा मैला आणि हगवणीने दाखल झालेल्या बाळांचे नमुने असे एकत्र घेऊन जनुकांची जुळणी करायची. खर्च फार नाही, आणि उत्तर कोणाच्याही बाजूने आले तरी उपयोगाचे. तोपर्यंत नगरसेवकाला विचारायचा प्रश्न एवढाच: आमच्या गल्लीतली पाण्याची पाइप नालीपासून किती अंतरावर आहे आणि ती कधी बदलणार? आणि घरात दोन वर्षांखालचे मूल असेल तर पावसाळ्यात त्याचे पाणी तुरटीवर किंवा क्लोरिनच्या थेंबांवर न सोडता उकळून द्यावे. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की हा कोष मरतो.